आडवा आठ, एफ/२२ आणि न हललेला किल्ला

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यानंतरच्या कोकणाची छायाचित्रे कशी काढावीत, याविषयीचा लेख आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख उत्साहाने लिहिलेला आहे आणि पहाटेच्या उजेडाबद्दल त्यात जे सांगितले आहे ते अनुभवाचे आहे, याबद्दल वाद नाही. मात्र समोरच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून फोकस सरळ अनंतावर, म्हणजे लेन्सवरच्या आडव्या आठावर (∞) ठेवावा, अपर्चर, म्हणजे लेन्समधले छिद्र, जमेल तितके बंद करून एफ/२२ वर न्यावे (आकडा मोठा तितके छिद्र बारीक) आणि अधिक काटेकोर काम करायचे असेल तर हायपरफोकल डिस्टन्सचा तक्ता मोबाइलवर घेऊन त्यातला आकडा डोळे मिटून लावावा, असा जो तिहेरी सल्ला त्यात आहे, त्याबद्दल चार शब्द लिहिणे मला भाग आहे. रत्नागिरीत तीस वर्षांहून अधिक काळ मी फोटो स्टुडिओ चालवला. आता तो बंद आहे, पण कॅमेरा घेऊन घरी येणाऱ्या मुलांची वर्दळ बंद झालेली नाही, आणि त्यांपैकी तिघेजण आपले कात्रण घेऊनच आले होते.

आधी मूळ गोष्ट. लेन्स एका वेळी एकाच अंतरावरचे नेमके स्पष्ट पाहते. त्या अंतराच्या अलीकडचा किंवा पलीकडचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून न उमटता लहानशी चकती म्हणून उमटतो, आणि तो फोकसपासून जितका दूर तितकी ती चकती मोठी होत जाते. चकती पुरेशी लहान असेल तोवर आपला डोळा तिलाही बिंदूच समजतो. ज्या पट्ट्यात डोळ्याची अशी फसगत होते, त्या पट्ट्याला आपण डेप्थ ऑफ फील्ड म्हणतो. म्हणजे या पट्ट्याच्या कडेला भिंत नसते. समुद्राचे पाणी जसे पुळणीवर कुठे संपले हे बोट ठेवून सांगता येत नाही, तशीच स्पष्टता हळूहळू ओसरत जाते, आणि ती कुठे संपली असे मानायचे हे आपणच ठरवलेले असते.

हायपरफोकल डिस्टन्स म्हणजे फोकसचे असे अंतर, की ज्यावर फोकस ठेवला असता पट्ट्याची मागची कड बरोबर अनंताला टेकते आणि पुढची कड त्या अंतराच्या निम्म्यावर येते. हिशेब अवघड नाही. फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याचा, वर्ग करायचा आणि त्याला अपर्चरचा आकडा व मान्य केलेल्या चकतीचा व्यास यांच्या गुणाकाराने भागायचे. फुल फ्रेम, म्हणजे २४ बाय ३६ मिमी सेन्सरच्या, कॅमेऱ्यासाठी चकतीचा व्यास ०.०३ मिमी धरण्याची पद्धत आहे. २४ मिमी लेन्स आणि एफ/८ घेतले तर २४ गुणिले २४ म्हणजे ५७६, ८ गुणिले ०.०३ म्हणजे ०.२४, आणि भागाकार येतो २,४०० मिमी. त्यात फोकल लेंग्थ मिळवायची असते, पण २४ मिलिमीटरने इथे काही बिघडत नाही. तेव्हा फोकस २.४ मीटरवर ठेवला की १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे ‘स्पष्ट’, असे तक्ता सांगतो. हाच हिशेब ५० मिमी लेन्सला लावला तर उत्तर दहा मीटरच्या पुढे जाते आणि २०० मिमीला ते सुमारे १६७ मीटर होते, कारण फोकल लेंग्थ वर्गात येते. लांब पल्ल्याची लेन्स लावून पायाजवळचा खेकडा आणि दूरचा दीपस्तंभ एकाच चित्रात स्पष्ट आणण्याचा हट्ट म्हणूनच पुरा होत नाही.

आता ते ०.०३ मिमी आले कुठून, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सारी गोम तिथेच आहे. ८ बाय १० इंचांची प्रिंट हातात धरून साधारण २५ सेंटिमीटरवरून पाहिली, तर सामान्य डोळ्याला पाव मिलिमीटरची चकती बिंदूसारखीच दिसते, हे त्यामागचे गृहीत. २४ बाय ३६ मिमीच्या निगेटिव्हवरून तेवढी प्रिंट काढायची म्हणजे साडेआठपट वाढवावे लागते. ०.०३ ची साडेआठपट म्हणजे तोच पाव मिलिमीटर. डार्करूममध्ये एन्लार्जरचे डोके वर सरकवत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. डोके जितके वर जाई तितकी चित्राबरोबर चित्रातली चूकही मोठी होई.

सांगणे सोपे आहे, पण मी स्वतः हे विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी मालवणला दांडी किनाऱ्यावर पहाटे ट्रायपॉड लावला होता. पुढे ओढून ठेवलेली होडी, तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेला दोर, दोरापाशी गोळा करून टाकलेले जाळे, मध्ये वाळूत अर्धा रुतलेला नांगर आणि पाण्यापलीकडे सिंधुदुर्गाचा तट असा देखावा होता. २४ मिमी लेन्स, एफ/८. जाळे सव्वा मीटरवर, नांगर नेमका अडीच मीटरच्या आत. तक्त्याबरहुकूम मी नांगरावर फोकस केला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र पाहून स्वतःवरच खूश झालो. पुढे एका प्रदर्शनासाठी त्याची २० बाय ३० इंचांची प्रिंट केली. जाळ्याचे फास मोजता येत नसले तरी खपून गेले, पण किल्ल्याचा तट ओल्या काचेआडून पाहावा तसा दिसत होता. मालवणचेच एक वयस्कर गृहस्थ चित्राच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला, आणि मला म्हणाले, “किल्लो हललो की काय हो?” मी त्यांना काय उत्तर देणार? किल्ला १६६४ पासून तिथेच आहे.

घरी येऊन हिशेब मांडला. हायपरफोकलवर फोकस ठेवला की अनंतावरच्या वस्तूची चकती बरोबर मान्य मर्यादेइतकी, म्हणजे ०.०३ मिमी होते. ती मर्यादेच्या आत नसते, मर्यादेवर उभी असते. माझ्या प्रिंटमध्ये चित्र २१ पटींनी वाढले होते, त्यामुळे किल्ल्याच्या प्रत्येक बिंदूची चकती ०.६ मिलिमीटरच्या वर गेली. दुरून पाहणाऱ्याला ती कळली नसती, परंतु आपल्याकडे प्रदर्शनात कोणी दुरून पाहत नाही. तक्त्याने मला फसवले नव्हते. त्याने दिलेली हमी ८ बाय १० इंचांपुरती होती आणि मी ती चौपटीहून कितीतरी मोठ्या कागदावर वापरली होती.

यावरून एक सोपी तोड निघते, आणि ती जुन्या छायाचित्रकारांना ठाऊक होती. चित्र नेहमीपेक्षा दुप्पट मोठे करायचे असेल तर चकती निम्मी धरावी लागते, आणि चकती निम्मी धरणे म्हणजे तक्त्यात दोन स्टॉप उघड्या, म्हणजे चौपट उजेड आत घेणाऱ्या, अपर्चरचा आकडा पाहणे. कॅमेऱ्यावर एफ/८ ठेवावे, पण अंतर एफ/४ च्या रकान्यातले घ्यावे. २४ मिमीला ते ४.८ मीटर येते आणि पट्टा २.४ मीटरपासून सुरू होतो. म्हणजे माझे जाळे त्या पट्ट्यात बसलेच नसते. मला दोन पावले मागे सरकायला हवे होते, किंवा जाळ्याचा मोह सोडायला हवा होता. ज्या जुन्या लेन्सवर अंतराच्या पट्टीखाली अपर्चरच्या आकड्यांच्या जोड्या कोरलेल्या असत, त्यांवर हे बोटाने करता येई. हल्लीच्या बहुतेक झूम लेन्सवर ती पट्टीच नाही, आणि तक्त्यांचे एवढे प्रस्थ माजले त्याचे एक कारण तेही आहे.

एफ/२२ विषयी आपल्या लेखात म्हटले आहे की अपर्चर जितके बंद तितके चित्र स्पष्ट. डेप्थ ऑफ फील्ड वाढते हे खरे, पण स्पष्टता वाढते हे खरे नाही. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडांपाशी वळून पसरतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यामुळे फोकस अचूक असलेला बिंदूसुद्धा चकतीच होतो, आणि तिचा व्यास अपर्चरच्या आकड्याबरोबर वाढतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ ला ही चकती साधारण ०.०११ मिमी असते, एफ/१६ ला ०.०२१, आणि एफ/२२ ला ०.०३ मिमी. म्हणजे तक्ता ज्याला पुसटपणाची शेवटची मर्यादा म्हणतो, तेवढा पुसटपणा एफ/२२ वर चित्राच्या कानाकोपऱ्यात, अगदी फोकसच्या जागीही पसरलेला असतो. पट्टा रुंद होतो, पण सगळाच थोडा मऊ पडतो. अमेरिकेत १९३२ साली अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी आपल्या मंडळाचे नावच एफ/६४ ठेवले होते, याचा दाखला मला एका मुलाने दिला. दाखला बरोबर आहे, पण त्यांचे कॅमेरे मोठ्या फिल्मचे होते. आठ इंच बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवरून तेवढीच प्रिंट काढताना काहीही वाढवावे लागत नाही, मग विवर्तनाची चकती वाढणार कुठून? आपल्या सेन्सरची उंची मोजून एक इंचही नाही.

शिवाय कोकणात वारा आहे. भाद्रपदात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, तेव्हा ही बोटभर उंचीची फुले क्षणभरही स्थिर राहत नाहीत. एफ/८ ला सेकंदाचा साठावा भाग पुरत असेल तर एफ/२२ ला आठवा भाग लागतो. तेवढ्यात फूल दोनदा डुलून आलेले असते. मग मुलगा मला विचारतो की ट्रायपॉड असूनही फूल अस्पष्ट का आले, आणि दोष फोकसला देतो.

अनंतावर फोकस ठेवण्याचा सल्ला मात्र अगदीच टाकाऊ नाही, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. फोकस अनंतावर असेल तेव्हा एक गमतीची गोष्ट घडते. वस्तू कितीही अंतरावर असो, तिच्यावरचा पुसटपणा लेन्सच्या छिद्राच्या व्यासाएवढा असतो. २४ मिमी लेन्सचे एफ/८ ला छिद्र २४ भागिले ८, म्हणजे ३ मिमी. मग समोरच्या होडीवरचे तीन मिलिमीटरहून बारीक ते विरघळते आणि जाड ते टिकते. दांडीच्या त्याच चित्रात फोकस अनंतावर असता तर होडीचा अंगठ्याएवढा दोर दोर म्हणून ओळखू आला असता, फळीवरचा मोठा नंबर वाचता आला असता, पण जाळ्याचा धागा धुक्यासारखा झाला असता आणि दोराचा पीळ दिसला नसता. किल्ला मात्र कातीव उतरला असता. पुढे नुसती वाळू असेल, किंवा आरे-वारेच्या वळणावरून खाली समुद्र पाहत असू आणि जवळ काहीच नसेल, तर अनंतावर फोकस हेच शहाणपण आहे. अडचण येते ती जवळच्या बारकाव्यासाठीच चित्र काढायचे असते तेव्हा.

मग करावे काय? मी मुलांना तक्ता पाठ करायला सांगत नाही. चित्रात जे सर्वांत जवळचे स्पष्ट हवे, त्याचे अंतर पाहायचे आणि त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस ठेवायचा. लेन्स कोणतीही असो, सेन्सर कोणताही असो, जवळची ती वस्तू आणि अनंत या दोहोंवर पुसटपणा सारखाच वाटला जातो. तो किती राहील हे अपर्चर ठरवते, आणि तो खपेल की नाही हे प्रिंटचा आकार ठरवतो. अंतर मोजायला आपल्या किनाऱ्यावर माप तयारच आहे. दोर मोजताना मच्छीमार दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर ताणतात, तो एक वाव. सहा फूट, म्हणजे साधारण १.८ मीटर. २४ मिमी लेन्सला जवळची वस्तू एक वावावर, फोकस दोन वावांवर आणि अपर्चर एफ/११ ठेवले, तर चकती निम्मी धरूनही पट्टा वावापासून क्षितिजापर्यंत पुरतो, आणि विवर्तनही त्याच निम्म्या मर्यादेत राहते. मी पुढच्या कार्तिकात दांडीवर जाऊन हेच केले. जाळ्यापासून मागे सरकलो, दोर पसरणाऱ्या एका गाबित, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, तरुणाला विनंती करून त्याच्याच हातांनी दोन वाव मोजून घेतले. आपले हात वापरून असे मोजमाप चालले आहे हे पाहून तो हसला, पण त्याने दोर ताणला मात्र अगदी नेटका. तो दोन वावांवर जिथे पोहोचला तिथे वाळूत एक शिंपला होता. त्यावर फोकस केला.

पट्टा एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे असतो, हे वाक्यही लेखात आहे. ते हायपरफोकलच्या एक तृतीयांश अंतरावर फोकस असेल तेव्हाच खरे ठरते. त्याहून जवळ आलो की दोन्ही बाजू हळूहळू सारख्या होतात, आणि दूर गेलो की मागची बाजू वाढत वाढत अमर्याद होते.

दर वेळी अनंताची गरज असतेच असेही नाही. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर हत्तीचे जे कातळशिल्प आहे, ते सुमारे १८ मीटर लांब आहे. अशी कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आल्यापासून ती पाहायला आणि टिपायला जाणारे वाढले आहेत. कडेला उभे राहून चित्र काढताना जवळची रेषा दोन मीटरवर आणि लांबची वीस मीटरवर आहे असे धरू. नवशिका फोकस मधोमध, म्हणजे अकरा मीटरवर ठेवतो, आणि पायाजवळची रेषा हातची जाते. दोन्ही टोकांना सारखा न्याय द्यायचा तर फोकस ३.६ मीटरवर हवा, म्हणजे पुन्हा दोन वावच. पलीकडची झाडे किंचित पुसट आली तरी इथे बिघडत नाही, उलट रेषा उठून दिसतात. २४ मिमीला अपर्चर एफ/८ च्या आसपास पुरते, तेही मोठी प्रिंट धरून. उजेड तिरपा हवा, नाहीतर फोकस कितीही अचूक असला तरी कातळावर कोरलेले काही दिसत नाही. आणि कृपा करून चौकट साधण्यासाठी रेषांवर उभे राहू नये.

आपले बहुतेक वाचक मोबाइलवर फोटो काढतात, त्यांना एफ/२२ चा सल्ला लागूच होत नाही, कारण त्यांच्या कॅमेऱ्याचे अपर्चर बहुधा बदलता येत नाही. मोबाइलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ साधारण सहा मिलिमीटर असते, आणि एफ/१.८ सारख्या उघड्या अपर्चरलाही हायपरफोकल अंतर तीन मीटरच्या आसपास येते. तेव्हा तीन मीटरवरच्या माडाच्या बुंध्यावर बोट टेकवले की दीड मीटरपासून पुढचे सारे जमते. पाठीमागचे धूसर करणारा पोर्ट्रेट मोड हा लेन्सचा नसून सॉफ्टवेअरचा खेळ आहे, त्याचा या चर्चेशी संबंध नाही. ज्यांच्याकडे लहान सेन्सरचा डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, त्यांनी १८ मिमी आणि एफ/८ ला दोन मीटर लक्षात ठेवावेत. चकती तिथे ०.०२ मिमी धरतात. त्याच लेन्सचे ५५ मिमी टोक वापरले तर तेच अंतर एकोणीस मीटरपर्यंत जाते.

आणि एक, फोकसवर नाहक आळ येतो म्हणून सांगतो. उधाणाच्या दिवशी किनाऱ्यावर अर्धा तास उभे राहिले की लेन्सच्या काचेवर खारट तुषारांचा थर बसतो. तो नुसत्या रुमालाने पुसला की आणखी पसरतो. आधी फुंकणीने कण उडवून मग ओलसर मऊ कापड फिरवावे. वैशाखात भर दुपारी तापलेल्या पुळणीवरची हवा थरथरते, तेव्हा पाण्यापलीकडचा दीपस्तंभ कोणत्याही फोकसने सरळ येत नाही. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते, ती तर मी गिऱ्हाइकांच्या किती लेन्समध्ये दाखवली याची गणतीच नाही. या तिन्हींचा पुसटपणा तक्ता पाहून जात नाही.

वर्तमानपत्राच्या छपाईत चित्र दोन स्तंभांएवढे लहान होते आणि ठिपक्यांत फोडले जाते, त्यामुळे आपल्या लेखासोबतच्या चित्रात एफ/२२ चा मऊपणा कोणालाही दिसला नसेल. लेखकांनी तेच चित्र भिंतीएवढे करून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. शक्य असल्यास यापुढे वाचकांच्या छायाचित्रांखाली गावाच्या नावाबरोबर फोकल लेंग्थ, अपर्चर आणि फोकस कशावर होता हेही छापावे. माझ्याकडून दांडीची दोन्ही चित्रे या पत्रासोबत पाठवत आहे. ज्यात किल्ला हललेला आहे त्याच्या मागे पेन्सिलने ‘नांगर’ लिहिले आहे आणि दुसऱ्याच्या मागे ‘शिंपला’.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त स्टुडिओवाला
रत्नागिरी